कोरडे डोळे आणि न विचारलेला प्रश्न : 'द आउटसायडर'चे पुनर्वाचन

आईच्या मातीच्या दिवशी माझ्या डोळ्यांतून पाण्याचा टिपूसही आला नाही. चर्चमध्ये मिस्सा झाली, शवपेटी दफनभूमीत नेली, फादरांनी पवित्र पाणी शिंपडले, आम्ही भावंडांनी मूठमूठ माती टाकली आणि घरी परतलो. बहिणी रडत होत्या, लांबून आलेल्या मावश्या रडत होत्या. मी मात्र मंडपवाल्याचा हिशेब, शवपेटीचे पैसे आणि आलेल्यांचे चहापाणी यांत गुंतलेला होतो. महिन्याच्या मिस्सेनंतर नात्यातल्या एका बाईंनी मला सहज म्हणून सांगितले, की त्या दिवशी माझ्या कोरड्या डोळ्यांची चर्चा चर्चबाहेर पुष्कळ झाली. त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता आणि मलाही राग आला नाही. पण त्या रात्री झोप येईना, तेव्हा कपाटातून एक जुने पुस्तक काढून वाचीत बसलो. ते पुस्तक म्हणजे आल्बेर काम्यूची 'द आउटसायडर' ही कादंबरी.

महाविद्यालयात असताना मी ती प्रथम वाचली होती. समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा अजून दिसत होत्या. एका ठिकाणी मी 'हा माणूस की दगड?' असे लिहून ठेवले होते. त्या वयात दगड म्हणून मोकळे होणे सोपे होते. आता तो प्रश्न इतक्या सहजपणे सोडून देता येईना, कारण चर्चबाहेरच्या बाकांवर माझ्याविषयीही बहुधा हेच विचारले गेले असणार. या पुनर्वाचनातून जे काही हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

कथानक आणि त्याची ख्याती

मूळ फ्रेंच कादंबरी १९४२ साली पॅरिसच्या गालिमार या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. फ्रान्सवर त्या वेळी जर्मनांचा ताबा होता. काम्यू अवघ्या अठ्ठावीस वर्षांचा होता. कथा घडते ती फ्रेंच सत्तेखालील अल्जिअर्स शहरात. मर्सो नावाचा एक तरुण कारकून स्वतःच आपली हकीकत सांगतो. वृद्धाश्रमातून आईच्या मृत्यूची तार येते. तो बसने ऐंशी किलोमीटरवरच्या मारेंगो गावी जातो. आईचे अखेरचे दर्शन घेण्यास तो नकार देतो, शवपेटीपाशी रात्र जागवताना दुधाची कॉफी पितो, सिगारेट ओढतो आणि भर उन्हात दफन उरकून परततो. दुसऱ्याच दिवशी तो समुद्रावर पोहायला जातो. तेथे पूर्वीची ओळख असलेली मारी त्याला भेटते. संध्याकाळी दोघे एक विनोदी चित्रपट पाहतात. पुढे रेमाँ सँतेस या संशयास्पद चारित्र्याच्या शेजाऱ्याच्या भानगडीत तो ओढला जातो आणि एका रविवारी समुद्रकिनारी, डोळे दिपवणाऱ्या उन्हात, एका अरबाला गोळी घालतो. क्षणभर थांबून निश्चल देहावर आणखी चार गोळ्या झाडतो. खटला चालतो. सरकारी वकील खुनापेक्षा आईच्या दफनाविषयीच अधिक बोलतो. मर्सोला गिलोटिनची शिक्षा होते.

युद्धोत्तर काळात ही कादंबरी अस्तित्ववादाची जणू प्रवेशिका मानली गेली, जरी काम्यूने आपण अस्तित्ववादी असल्याचे १९४५ सालीच नाकारले होते. मराठीतही साठच्या दशकापासून ही चर्चा रुजली. १९६३ साली आलेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'विषयी बोलतानाही अस्तित्ववादाचा उल्लेख वारंवार झाला. या सर्व चर्चेत मर्सोच्या दोन प्रतिमा तयार झाल्या. पहिली प्रतिमा भावनाशून्य, यंत्रवत माणसाची. दुसरी, सत्यासाठी प्राण देणाऱ्या प्रामाणिक माणसाची. ही दुसरी प्रतिमा खुद्द काम्यूने पुढे केली. एका अमेरिकन विद्यापीठीय आवृत्तीसाठी १९५५ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याने म्हटले, की आपला नायक समाजाचा खेळ खेळत नाही, खोटे बोलण्यास नकार देतो आणि म्हणूनच त्याला मरावे लागते. त्याही पुढे जाऊन, आपल्या लायकीचा एवढाच ख्रिस्त आपल्याला लाभू शकतो अशा आशयाचे विधान त्याने केले. त्यात पाखंडाचा हेतू नाही, हेही त्याने स्पष्ट केले होते.

ख्रिस्ती वाचक या विधानापाशी थबकतो. मीही थबकलो. नव्याने वाचताना मात्र मला या दोन्ही प्रतिमा अपुऱ्या वाटल्या. मर्सो दगड नाही आणि सत्याचा हुतात्माही नाही. त्याचा दोष खरा आहे, पण न्यायालयाने तो भलत्याच ठिकाणी शोधला. आपण समीक्षक आणि वाचकही बहुधा तेथेच शोधत राहिलो.

'मदर' आणि 'मामाँ'

प्रथम दगडपणाचा आरोप पाहू. आपल्यापैकी बहुतेकांनी ही कादंबरी इंग्रजीतून वाचली. स्ट्युअर्ट गिल्बर्ट यांचे इंग्रजी भाषांतर १९४६ साली आले आणि कित्येक वर्षे तेच प्रचारात होते. त्यात मर्सो आपल्या आईचा उल्लेख पहिल्या वाक्यापासून 'मदर' असा करतो. इंग्रजीत हा शब्द काहीसा औपचारिक, अंतर राखणारा. मूळ फ्रेंचमध्ये तो 'मामाँ' म्हणतो. हा लहान मुलाच्या तोंडचा शब्द आहे आणि मर्सो तो अखेरपर्यंत सोडत नाही. १९८८ साली मॅथ्यू वॉर्ड यांनी नवे भाषांतर केले, तेव्हा हा शब्द त्यांनी तसाच ठेवला. एका शब्दाने केवढा फरक पडतो! तिशीकडे झुकलेला एक पुरुष आईच्या मृत्यूची बातमी सांगताना बाळपणीचाच शब्द वापरतो आहे. त्याच्या कोरडेपणाविषयीचे आपले पहिले मत निदान काही अंशी भाषांतराने घडवले होते.

एकदा या बाजूने पाहू लागले, की इतर खुणा दिसू लागतात. आई वृद्धाश्रमात गेल्यावर घर मोठे वाटू लागले म्हणून त्याने जेवणाचे टेबल आपल्या खोलीत आणून ठेवले आहे आणि तो आता त्या एकाच खोलीत राहतो. शेजारचा म्हातारा सालामानो आपल्या खरजेल्या कुत्र्याला रोज शिव्या देतो, मारतो. तो कुत्रा हरवतो त्या रात्री भिंतीपलीकडून म्हाताऱ्याच्या रडण्याचा आवाज येतो. ते ऐकताना मर्सोला एकाएकी आईची आठवण येते. का आली, हे त्याला कळत नाही. तो उपाशीच झोपी जातो. 'का कळेना' असे म्हणून तो पुढे सरकतो आणि आपणही वाचताना पुढे सरकतो. पण दुःख पुष्कळदा असेच येते, भिंतीपलीकडून, दुसऱ्याच्या रडण्यातून.

याचे मूळ काम्यूच्या आयुष्यात सापडते. त्याचा जन्म १९१३ साली अल्जिरियातील मोंदोव्ही गावी झाला. वडील पहिल्या महायुद्धात जखमी होऊन १९१४ साली वारले, तेव्हा मूल एक वर्षाचेही नव्हते. आई अल्जिअर्सच्या बेलकूर या गरीब वस्तीत राहून लोकांच्या घरची साफसफाई करी. तिला ऐकू कमी येई, वाचता-लिहिता येत नसे आणि ती फारच थोडे बोले. त्या आईच्या मौनाची बरोबरी करू शकेल असे काही आपल्याला लिहिता यावे, ही आकांक्षा काम्यूने १९५८ साली बोलून दाखवली. ४ जानेवारी १९६० रोजी मोटार अपघातात तो गेला, तेव्हा मोटारीत एका अपूर्ण कादंबरीचे हस्तलिखित मिळाले. 'द फर्स्ट मॅन' या नावाने ते १९९४ साली प्रसिद्ध झाले. ते त्याने आपल्या आईला अर्पण केले होते, जिला ते कधीच वाचता येणार नव्हते.

अशा घरात प्रेम असते, पण त्याची भाषा नसते. आपल्या जुन्या घरांतूनही हे चित्र अपरिचित नाही. आमच्या आधीच्या पिढीतील किती आयांनी आपल्या मुलांना 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' असे सांगितले असेल? ताटात वाढलेल्या जास्तीच्या माशाच्या तुकडीतून ते कळे. मर्सो आणि त्याची आई एकमेकांशी बोलत नसत, ती केवळ त्याला डोळ्यांनी न्याहाळीत बसे, हे तो स्वतःच सांगतो. वकील त्याला विचारतो, की त्या दिवशी तुला दुःख झाले होते का. तो म्हणतो, आईवर प्रेम होते असावे, पण त्याला काही अर्थ नाही. दगड असे बोलत नाही. ज्याला आपल्या मनातील गोष्टीसाठी शब्द कधी दिलाच गेला नाही, असा माणूस असे बोलतो.

ओस्तियातील दुसरा पुत्र

येथे मला आपल्या धर्मपरंपरेतील एका थोर पुत्राची आठवण होते. काम्यूने १९३६ साली अल्जिअर्स विद्यापीठात जो प्रबंध सादर केला, तो ख्रिस्ती तत्त्वमीमांसा आणि नवप्लेटोवाद यांच्या संबंधाविषयी होता. प्लोटायनस आणि संत ऑगस्टिन हे त्याच्या अभ्यासाचे विषय होते. ऑगस्टिन हा एका अर्थाने त्याचा गाववालाच. ज्या हिप्पो नगराचा ऑगस्टिन बिशप होता, ते आजचे अन्नाबा, आणि काम्यूचे जन्मगाव तेथून फार दूर नाही.

'कन्फेशन्स' या आत्मनिवेदनाच्या नवव्या खंडात ऑगस्टिन आपली आई संत मोनिका हिच्या मृत्यूची हकीकत सांगतो. वर्ष ३८७, स्थळ रोमजवळचे ओस्तिया बंदर. मोनिकाचे वय छप्पन्न, ऑगस्टिनचे तेहतीस. ज्या मुलासाठी ती वर्षानुवर्षे रडली, त्याचा बाप्तिस्मा होऊन काही महिनेच झाले होते. ऑगस्टिन आपल्या हातांनी तिचे डोळे मिटतो. त्याचा कोवळ्या वयाचा मुलगा आदेओदातुस हंबरडा फोडतो, तेव्हा सगळे त्याला गप्प करतात. ऑगस्टिन स्वतः निर्धाराने अश्रू आवरतो. देह दफनासाठी नेला जातो, तेव्हा तो कोरड्या डोळ्यांनी जातो आणि कोरड्या डोळ्यांनी परततो. आईसाठी मिस्साबलिदान अर्पण होत असतानाही तो रडत नाही. भोवतालच्या लोकांना वाटते, याला दुःख झालेलेच नाही. त्यानंतर तो काय करतो? तो स्नानगृहात जातो. स्नानाने मनाची व्यथा निघून जाते असे त्याने ऐकलेले असते. स्नान होते, पण दुःख तसेच राहते.

दफनाला न रडलेला आणि त्यानंतर पाण्याकडे गेलेला मुलगा! हे वाचल्यावर मर्सोचे समुद्रस्नान मला पूर्वीसारखे निर्लज्ज वाटेना. काम्यूने हे साम्य जाणूनबुजून योजले, असा माझा दावा नाही. पण ज्याला कोरड्या डोळ्यांचा मुलगा पाहून राक्षस आठवतो, त्याने ओस्तियाचा प्रसंग जरूर वाचावा.

साम्याइतकाच भेदही महत्त्वाचा आहे. त्या रात्री ऑगस्टिन झोपतो. जाग आल्यावर त्याला संत अम्ब्रोजचे एक स्तोत्र आठवते आणि मग, कोणी पाहत नसताना, देवासमोर तो आपल्या अश्रूंना वाट करून देतो. तेही थोडाच वेळ. ऑगस्टिनजवळ दुःखासाठी स्तोत्र होते, प्रार्थना होती आणि ऐकणारा देव होता. मर्सोजवळ यांपैकी काहीच नाही. खटल्यापूर्वी त्याचा वकील त्याला सुचवतो, की त्या दिवशी तू आपल्या नैसर्गिक भावना आवरून धरल्या होत्यास असे सांगू या. म्हणजे वकील त्याला ऑगस्टिनचेच उत्तर देऊ करतो. मर्सो नकार देतो, कारण ते खरे नाही. हा त्याचा प्रामाणिकपणा निःसंशय मोठा आहे. माझ्यापुरते सांगायचे तर त्या बाईंनी मला विचारले, तेव्हा मी 'आवरून धरले होते' असेच उत्तर दिले होते. ते पूर्ण खरे नव्हते.

चौथी, पाचवी आणि आठवी आज्ञा

मग मर्सो सत्याचा हुतात्मा ठरतो का? येथे काम्यूच्या प्रस्तावनेपेक्षा काम्यूच्या कादंबरीवर अधिक विश्वास ठेवला पाहिजे.

रेमाँला आपल्या रखेलीचा सूड घ्यायचा आहे. तिला गोड शब्दांनी परत बोलवायचे आणि मग तिची विटंबना करायची, असा त्याचा बेत आहे. त्यासाठी लागणारे पत्र मर्सो लिहून देतो. लिहून न देण्याचे काही कारण दिसले नाही, एवढेच त्याचे समर्थन. ती स्त्री येते, मार खाते. पुढे पोलीस चौकीत मर्सो रेमाँच्या बाजूने जबाब देतो, की त्या बाईने त्याला फसवले होते. त्याला यातील प्रत्यक्ष काहीच ठाऊक नसते. रेमाँला ताकीद देऊन सोडतात आणि जबाबाची शहानिशा कोणी करीत नाही. आपल्या भावनांविषयी एक अक्षर खोटे न बोलणारा हा माणूस दुसऱ्याविषयी खोटी साक्ष किती सहजपणे देतो! त्याचा प्रामाणिकपणा स्वतःच्या अंतःकरणापुरता आहे. दुसऱ्याच्या दारात पोहोचेपर्यंत तो संपतो.

धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेल्या दहा आज्ञा येथे उपयोगी पडतात. मर्सोने पाचवी आज्ञा मोडली, मनुष्यहत्या केली. त्याआधी आठवी मोडली, खोटी साक्ष दिली. न्यायालयाने मात्र त्याच्यावर खटला चालवला तो चौथ्या आज्ञेचा, आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेचा. वृद्धाश्रमाचा संचालक, रखवालदार, आईचा वृद्ध मित्र पेरेझ असे साक्षीदार येतात आणि प्रश्न विचारले जातात ते कॉफीचे, सिगारेटचे, अश्रूंचे. त्या पत्राचा आणि पोलीस चौकीतील जबाबाचाही उल्लेख होतो, पण आरोपी किती अनीतिमान आहे हे दाखवणाऱ्या यादीतील कलमे म्हणून. त्या मार खाल्लेल्या स्त्रीचे काय झाले, हे कोणी विचारत नाही.

बाजारात बसून तक्रार करणाऱ्या मुलांचा दाखला प्रभू येशूने दिला आहे. त्यांनी वाजवले तेव्हा कोणी नाचले नाही आणि त्यांनी विलाप केला तेव्हा कोणी रडले नाही, ही त्यांची तक्रार. मर्सोचे न्यायालय म्हणजे अशा मुलांचाच बाजार आहे. त्यांनी ठरवलेल्या वेळी, ठरवलेल्या सुरात तो रडला नाही, हा त्याचा गुन्हा.

तुझा भाऊ कोठे आहे?

मारला गेलेला तरुण त्या स्त्रीचा भाऊ असल्याचे रेमाँ सांगतो. याखेरीज त्याच्याविषयी आपल्याला काहीही कळत नाही. त्याला नाव नाही. त्याची आई जिवंत आहे का, ती रडली का, हे कोणी विचारत नाही. त्याच्या बहिणीचे नाव रेमाँ मर्सोला सांगतो, त्यावरून ती अरब असल्याचे मर्सोला उमगते, पण ते नाव वाचकाला सांगितले जात नाही. खटल्यात एकही अरब साक्षीदार नाही. १८३० पासून १९६२ पर्यंत फ्रेंचांच्या ताब्यात असलेल्या त्या देशात हे कोणाला खटकलेही नसते. एखाद्या युरोपियनाला अरबाच्या खुनाबद्दल तेव्हा गिलोटिनवर पाठवले गेले असते का, ही शंका कॉनर क्रूझ ओब्रायन यांनी १९७० साली आणि एडवर्ड सैद यांनी १९९३ साली या कादंबरीचा वसाहतवादाच्या अंगाने विचार करताना पुढे आणली. २०१३ साली कामेल दाऊद या अल्जिरियन लेखकाने तर मृताच्या भावाच्या तोंडून सांगितलेली कादंबरीच लिहिली. त्यात त्या मृताला प्रथमच नाव मिळाले: मुसा.

उत्पत्तीच्या पुस्तकात पहिल्या खुनानंतर परमेश्वर काइनाला त्याच्या आईबापांविषयी विचारीत नाही. तो विचारतो, की त्याचा भाऊ कोठे आहे. मृताला तेथे नाव आहे, हाबेल. त्याचे रक्त जमिनीतून ओरडते आणि ते ऐकणारा कोणी आहे. 'द आउटसायडर'मध्ये तपासणी न्यायाधीश आरोपीपुढे क्रूस नाचवतो, देवाच्या क्षमेविषयी आवेशाने बोलतो, पण काइनाला विचारलेला तो प्रश्न त्यालाही सुचत नाही. केल्या कृत्याचा पश्चात्ताप होतो का, असे तो विचारतो, तेव्हा मर्सो म्हणतो, की पश्चात्तापापेक्षा कंटाळा वाटतो. या उत्तराने आपल्याला धक्का बसतो. पण ज्या मृताला कोणी माणूस म्हणून त्याच्यापुढे उभेच केले नाही, त्याच्याविषयी पश्चात्ताप जागा कसा व्हावा? आपल्यावर कोणाचे तरी ऋण आहे हे कळण्यासाठी आधी त्या कोणाचा तरी चेहरा दिसावा लागतो. मर्सोला ऊन दिसते, समुद्र दिसतो, चाकूच्या पात्यावरची चमक दिसते. चेहरा दिसत नाही. माझ्या मते त्याचे पाप हेच आहे.

याच कादंबरीत एक लहानसा प्रसंग आहे, जो पहिल्या वाचनात मी विसरूनही गेलो होतो. अटकेनंतर मर्सोला ज्या कोठडीत टाकतात, तेथे बहुतेक कैदी अरब असतात. त्याला पाहून ते हसतात. काय केलेस, असे विचारतात. मी एका अरबाला मारले, असे तो सांगतो. सगळे गप्प होतात. थोड्या वेळाने अंधार पडतो. मग ते त्याला झोपायची चटई कशी अंथरायची, तिचे एक टोक गुंडाळून उशी कशी करायची, हे दाखवतात.

एवढेच. लेखक त्यावर भाष्य करीत नाही, मर्सोही करीत नाही. आपल्यातील एकाला मारणाऱ्या परक्याला त्याच्या पहिल्या रात्री उशी करायला शिकवणारी ही माणसेही निनावी आहेत. काम्यूच्या वाक्याला धरून या पुस्तकात ख्रिस्ताची छाया शोधायचीच असेल, तर ती मला मर्सोच्या चेहऱ्यापेक्षा त्या कोठडीतील अंधारात अधिक स्पष्ट दिसते.

धर्मगुरूचे अश्रू

शेवटी तुरुंगातील धर्मगुरूविषयी. मर्सोने तीनदा भेट नाकारल्यावर तो न बोलावता कोठडीत येतो. तो देवाविषयी, मरणोत्तर जीवनाविषयी बोलतो, मर्सोसाठी प्रार्थना करीन म्हणतो. मर्सोचा बांध फुटतो. तो त्याच्या झग्याची गळपट्टी पकडून त्याच्यावर ओरडतो. आयुष्यभर थोडके बोललेला हा माणूस एवढ्या आवेगाने प्रथमच बोलतो आहे. ख्रिस्ती वाचकाला हा प्रसंग आपल्या श्रद्धेवरचा हल्ला वाटतो आणि तो तसा आहेही. तो सौम्य करून वाचण्यात अर्थ नाही. त्या धर्मगुरूकडे तयार उत्तरे पुष्कळ होती, पण ज्याला ती द्यायची त्याचे ऐकून घेण्याइतका धीर नव्हता, हेही आपण मान्य करायला हवे.

परंतु पहारेकरी मर्सोला दूर करतात, तेव्हा धर्मगुरू त्यांना शांत करतो, क्षणभर मर्सोकडे मुकाट्याने पाहतो आणि निघून जातो. त्या वेळी त्याचे डोळे पाण्याने भरलेले असतात. ज्या कादंबरीत न आलेल्या अश्रूंवर एवढे रामायण घडते, तिच्या अखेरीस या नायकासमोर रडणारा माणूस एक धर्मगुरू आहे. काम्यूने हे वाक्य लिहिले नसते तरी चालले असते. त्याने ते लिहिले, यात मला त्याचा न्यायबुद्धीचा पिंड दिसतो. धर्मगुरूचे शब्द मर्सोपर्यंत पोहोचले नाहीत. त्याचे डोळे पोहोचले की नाही, हे कादंबरी सांगत नाही.

त्या रात्री मर्सो शांत होतो आणि त्याला आई आठवते. आयुष्याच्या शेवटी वृद्धाश्रमात तिने पेरेझशी मैत्री का केली, मरणाच्या दारात नव्याने जगून पाहावे असे तिला का वाटले, हे त्याला आता उमगते. तिच्यासाठी रडण्याचा अधिकार कोणालाच नाही, असे तो म्हणतो. पुनरुत्थानाची आशा बाळगणारा ख्रिस्ती माणूस येथे त्याच्यासोबत शेवटपर्यंत जाऊ शकत नाही. आशाहीनांसारखे रडू नका, असे संत पौल थेस्सलनीकरांना लिहितो, त्यामागची आशा वेगळी आहे. तरीही आईला एक स्वतंत्र माणूस म्हणून पाहणे त्याला येथे प्रथमच जमले, हे नाकारता येत नाही. आणखी थोडा काळ मिळता, तर किनाऱ्यावर मारलेल्या त्या तरुणाकडेही त्याने असे पाहिले असते का? गिलोटिनने तो काळ त्याच्याकडून काढून घेतला. देहदंडाविरुद्ध काम्यूने १९५७ साली स्वतंत्र निबंध लिहिला. आपल्या धर्मसभेनेही २०१८ साली पोप फ्रान्सिस यांच्या काळात धर्मशिक्षणग्रंथातील परिच्छेद बदलून देहदंड अस्वीकार्य ठरवला. पश्चात्तापाची शक्यता कोणापासूनही कायमची हिरावून घेऊ नये, हा विचार त्यामागे आहे. मर्सोची कथा वाचताना त्या विचाराचे मोल कळते.

पुस्तक मिटले तेव्हा पहाट झाली होती. 'हा माणूस की दगड?' ही समासातील जुनी नोंद मी खोडली नाही. तिच्याखाली एवढेच लिहिले, की प्रश्न चुकीचा होता. आपल्या धर्मग्रामांतून मयताला कोण किती रडले, याची नोंद अजून ठेवली जाते. शवपेटीमागून चालणाऱ्या मुलाचे डोळे ओले आहेत की कोरडे, हे पाहणारे पुष्कळ असतात. त्या गर्दीच्या कडेला, ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही असा कोणी उभा असतो. दफनभूमीत खड्डा खणणारा असेल, आईची शेवटची दोन वर्षे अंथरुणावर सेवा करणारी परगावची मुलगी असेल. आमच्या घरीही अशी एक मुलगी होती. मातीच्या दिवशी ती मागच्या दाराशी उभी राहून रडत होती, हे मी पाहिले होते. तिच्याशी मी तेव्हा बोललो नाही. हा लेख पूर्ण करण्यापूर्वी तिच्या घरी जाऊन आलो.